एदेलमिराचा गाडा

पुन्यिविलच्या किनाऱ्याला होडी लागत नाही. म्हणून समोरच्या बेटावरचे पेंग्विन बघायला आलेल्या पाहुण्यांना उंच चाकांच्या गाड्यावर चढवायचं आणि गाडा पाण्यातून ढकलत होडीला भिडवायचा. एदेलमिरा हे काम बावीस वर्षं करत होती आणि तिच्या गाड्यावरच्या एकाचाही बूट कधी भिजला नव्हता. त्याचा तिला केवढा तोरा! बेटावरच्या पेंग्विनांपेक्षा आपलेच फोटो जास्त निघतात, असं ती खुशाल सांगायची.

त्या सकाळी तिचा भाचा एलिएसेर, म्हणजे नावाड्यांचा म्होरक्या, म्हणाला, "आत्या, साठी झाली तुझी. उद्यापासून तिकिटाच्या खिडकीत बस. एखादी लाट पाडेल तुला."

"मला? ढेरी तुझी सुटलीय, माझी नाही!"

नावाडी खो खो हसले. एलिएसेर मात्र हसला नाही. एदेलमिराने तिकिटाच्या खिडकीकडे पाहिलं. त्या खिडकीतून समुद्र दिसतच नव्हता.

शेवटचा म्हणून तिने गाडा भरला. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला एलिएसेर. पाणी घोट्याला लागतंय तोच लाटेतून एक पेंग्विन बाहेर आला आणि चाकांसमोर उभा राहून निवांत पिसं साफ करू लागला. पक्षी पुढे असला की गाडा हलवायचा नाही, हा तिथला नियम. वर पाहुण्यांचा नुसता जल्लोष चालला होता. "अगंबाई, किती जवळ!" एक आजी टाळ्या पिटत होत्या.

एलिएसेरही पाहुण्यांकडे तोंड करून उभा होता. एदेलमिराने मात्र पेंग्विनमागे समुद्र फुगताना पाहिला. "एलिएसेर, लाटेला पाठ देऊ नकोस, कूस दे, तिरका उभा राहा!"

त्याने ऐकलं नाही. लाट आली ती थेट छातीपर्यंत. पेंग्विन मजेत तिच्यात शिरला, एलिएसेर गटांगळ्या खात वाळूपर्यंत गेला. एदेलमिरा टाचा रोवून, दात आवळून, नऊ माणसांचा गाडा एकटी धरून उभी राहिली. नंतर एकटीनेच तो होडीपाशी नेला. आजी कोरड्या बुटांनी होडीत उतरल्या आणि जाता जाता त्यांनी तिचा मुका घेतला.

ती परतली तेव्हा एलिएसेर नाकातलं पाणी शिंकरत बसला होता.

"उद्या सातला ये," तो म्हणाला. "गाड्यावर."

एदेलमिराला इतका आनंद झाला की तिला रडूच फुटलं.

"सातला कशाला?" ती डोळे पुसत म्हणाली. "साडेसहालाच येते."