तांबोळी सरांचे लाल दिवे

तांबोळी सर कोणत्याही वस्तूला आधी हाताची पाठ लावत. दाराची कडी, चुलीवरून उतरवलेलं चहाचं पातेलं, एसटीची दांडी, तापानं फणफणलेल्या पोराचं कपाळ, सगळ्याला आधी पाठ आणि मग तळवा. कर्जतच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी माझा पुढे केलेला हातसुद्धा त्यांनी उलट्या हातानं चाचपला आणि मगच धरला. मी चमकलो. तसे म्हणाले, "वीज तळव्याला लागली तर मूठ आवळते, सुटत नाही. पाठीला लागली तर हात मागं फेकला जातो. सवय झालीय. तुमच्यात करंट नाही, मराठी, घाबरू नका."

तेव्हापासून मी त्यांच्या लेखी 'मराठी' झालो, तो शेवटपर्यंत. ते विज्ञान शिकवत. शिकवत म्हणण्यापेक्षा वर्गात वस्तू मोडत आणि पोरांकडून जोडून घेत. शाळेची घंटा, हेडमास्तरांचा पंखा, मारुतीच्या देवळातला कर्णा आणि मशिदीतलाही, सगळं दुरुस्तीला त्यांच्याकडेच यायचं. एखादी गोष्ट का बिघडली हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. "बिघाड कधी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," हे त्यांचं नेहमीचं. मला हे वाक्य फार आवडायचं. आज आवडत नाही.

गावाबाहेर राशीनच्या रस्त्याला त्यांचं घर होतं. मुलंबाळं नव्हती. आवारातल्या एका सुट्या खोलीत त्यांनी मला ठेवून घेतलं होतं. त्यांच्या पत्नीला सगळा गाव भाभी म्हणे. घरात दोघांची दखनी चाले, माझ्याशी आणि गावाशी मराठी. फाटकापासून मागच्या विहिरीपर्यंत एक पायवाट होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना भाभींनी सांडपाण्यावर वाढवलेली बाग. चार लिंबं, शेवगा, मोगऱ्याची आळी, अळू. एरवी त्या बागेकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण ते दुष्काळाचं वर्ष होतं, आणि कर्जतच्या त्या अंगाला दुसरं हिरवं पान शिल्लक नव्हतं.

विहिरी एकेक करून आटल्या. सरांची तेवढी टिकली. टिकली म्हणजे दिवसभर पाझरायची, संध्याकाळी घागरी भरतील इतकं पाणी साठायचं, मग रात्रभर पाझरून पहाटे पुन्हा. पलीकडच्या वस्तीवरच्या बाया दिवसभर खडी फोडायच्या कामावर असत, त्यामुळे पाण्याला येत त्या दिवेलागणीला आणि पहाटे. दोन्ही वेळा अंधारच. भाभी रहाटाजवळ उभ्या राहून घरटी एक घागर देत. सरांनी पहिल्याच दिवशी फाटकात उभं राहून सांगितलं होतं, "पाणी देणारा मी कोण? पण माझ्या आवारात कुणाच्या पायाला काही झालं तर जबाबदार मी." हे ते बोलून गेले आणि त्या बोलण्याला बांधले गेले.

कारण बागेत फुरशी यायला लागली होती. फुरसं हे वीतभर-हातभर जनावर, पण भारी वाईट. उजाड माळावर जगणं अवघड झालं तशी ती ओलीला सरकली. डिवचलं की अंगाला अंग घासतं आणि करवत चालवल्यासारखा खरखर आवाज करतं. एकदा पहाटे पारूबाईच्या सुनेनं पायाशी तो आवाज ऐकला आणि घागर टाकून ती किंचाळत पळाली. पोर दोन जिवांची होती. वाचली, पण दुसऱ्या दिवशी तिला अंधारात पाऊल टाकायला होईना. पारूबाई वस्तीवरची वयानं मोठी बाई, सगळ्या तिच्या मागं चालायच्या. ती सरांना म्हणाली, "सर, तुमचं पानी ग्वाड हाय, पर वाट लई वंगाळ. आमी मशाली घिऊन यावं का?"

सरांनी दोन रात्री कागदावर आकृत्या काढल्या. मग नगरला गेले आणि भंगार बाजारातून एक जड ट्रान्सफॉर्मर आणि पोतंभर ट्रकचे दिवे घेऊन आले. मी म्हटलं, घरात वीज आहे, सरळ मोठे बल्ब का टांगत नाही? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शुद्धलेखनात चुकलो. "ओले पाय, ओले हात, कडेवर तांब्याची घागर आणि चिखल. तिथं दोनशेतीस व्होल्टचा वाघ सोडू? बारा व्होल्टची शेळी बांधू, मराठी. शेळी ढुशी मारेल, खाणार नाही."

रविवारभर आम्ही खपलो. वाटेच्या कडेनं कुदळीनं उथळ चर खणला, त्यात वायर टाकली आणि कुणाचं खुरपं लागू नये म्हणून वर नळीची कौलं पालथी घातली. गुडघ्याइतक्या बाभळीच्या खुंट्या ठोकून त्यांवर दिवे बसवले. विहिरीजवळचे दिवे मिणमिणायला लागले तशी सरांनी दुसऱ्या बाजूनंही वायर आणून जोडली, तेव्हा सगळी ओळ सारखी पेटली. प्रत्येक जोड त्यांनी उघड्या हातानं धरून दाखवला. भाभींनाही धरायला लावला. फक्त एक गोष्ट होती. दिवे ट्रकच्या मागच्या बाजूचे होते, म्हणजे सगळे लाल काचेचे.

त्या संध्याकाळी बाया फाटकाशी आल्या आणि उभ्याच राहिल्या. मीही ओसरीवरून पाहत होतो आणि खरं सांगायचं तर पायरी उतरलो नाही. जमिनीलगत ती लाल ओळ विहिरीकडे जात होती. लिंबांची पानं काळी दिसत होती. भाभींचा चेहरा तांबडा, हात तांबडे, आणि वर आलेलं पाणीसुद्धा तांबडं.

पारूबाई म्हणाली, "ह्ये काय केलं, सर? चितंवरचं निखारं मांडल्यावानी दिसतंय. आमच्यात दिवेलागनीला असा उजेड बघू न्हाई. गरवार पोर हाय माज्या घरात."

"पारूबाई, काच लाल आहे. उजेडाला रंग असतो, मन नसतं."

"तुमी शिकल्याली मानसं. आमाला जे दिसतं त्ये दिसतं."

पाण्याच्या गरजेनं त्या आत आल्या, पण पदर डोळ्यांवर ओढून, आणि सुनेला आणलं नाही. आठवडाभर हेच चाललं. पायाखालची वाट पाहायची सोडून डोळे झाकून चालणाऱ्या बायांना दिव्यांचा उपयोग काय? सर शाळेतही चिडचिडे झाले. शेवटी एका दुपारी त्यांनी सगळ्या लाल काचा काढून गोणपाटात गुंडाळल्या आणि औषधांच्या पांढऱ्या बाटल्या कापून त्या जागी बसवल्या. मला म्हणाले, "हरलो. पण त्या डोळे उघडे ठेवून चालणार असतील तर हरायला हरकत नाही."

पांढरे दिवे लागले आणि वस्तीनं आनंद केला. "सरांनी दिवाळी केली," म्हणाल्या. पारूबाईची सून सातवा महिना घेऊन पुन्हा पाण्याला येऊ लागली. वाटेवर हसण्याबोलण्याचा आवाज यायला लागला. त्या वाईट दिवसांत तो आवाज ऐकून सर सुपारी कातरत ओसरीवर बसत आणि फार समाधानी दिसत. ते समाधान आठवलं की मला आजही धास्ती वाटते.

भाभींना आधी कळलं. त्या रोज सकाळी वाट झाडत. एक दिवस त्यांनी केराचं सूप सरांपुढे धरलं. सुपात पंख होते. पतंगांचे, वाळवीचे, टोळांचे, पाकोळ्यांचे. "अहो, हे रोज वाढतंय," त्या म्हणाल्या. "लाल होते तेव्हा केरात पंख नसायचे."

सरांनी सुपारी खाली ठेवली. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ते थेट घरी आले, दिवे लावले आणि वाटेच्या कडेला उकिडवे बसले. मलाही बसवलं. थोड्याच वेळात त्या उजाड मुलखातला जिवंत राहिलेला एकूण एक किडा आमच्या बागेत उतरला. किड्यांमागून पाली आल्या, अळवातून बेडूक आले. मग एका खुंटीशी कौलाच्या सावलीत काहीतरी वेटोळं होऊन बसलेलं दिसलं. पुढच्या खुंटीशी आणखी एक. ती शांत बसली होती. त्यांना कुठं जायची गरजच नव्हती.

"मराठी," सर हळू आवाजात म्हणाले, "आपण दिवे लावले नाहीत. खानावळ उघडली."

ते लगेच उठले. काठीनं दोन्ही जनावरं उचलून कुंपणापलीकडे टाकली, बटण बंद केलं आणि गोणपाट घेऊन आले. मी म्हटलं, उद्या दिवसाउजेडी करू, आज बायांना परत पाठवू. ते म्हणाले, "आज परत पाठवाल. पहाटे? ती पोर येते पहाटे." संधिप्रकाशात एकेक बाटली काढून ते लाल काच बसवत पुढे सरकत होते आणि मी मागं कंदील धरून होतो. विहिरीच्या अलीकडच्या खुंटीजवळ त्यांनी हात पुढे केला आणि झटकन मागं घेतला. उजव्या हाताच्या पाठीवर दोन बारीक टिपके होते.

"लहान होतं," ते म्हणाले. पुढं म्हणाले, "झणझणतंय. उरलेल्या काचा द्या." मी आणि भाभी ओरडत राहिलो, पण ओळ संपल्याशिवाय ते उठले नाहीत. गावातल्या डॉक्टरांनी हात पाहिला आणि सांगितलं, लस नगरला मिळेल, लगेच निघा. शेवटची एसटी गेली होती. एका ओळखीच्या ट्रकवाल्यानं पहाटे न्यायचं कबूल केलं. आम्ही डॉक्टरांकडे होतो तोवर बाया बंद फाटकावरूनच परत गेल्या होत्या.

पहाटेपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला होता. ट्रक रस्त्यावर येऊन थांबला तेव्हाच बाया आल्या. लाल ओळ पाहून फाटकाशी थबकल्या. सर ट्रककडे जायचे सोडून त्यांच्याकडे गेले. "बायांनो, या," म्हणाले. "पांढऱ्यात किडे येतात, किड्यांमागं फुरशी येतात. लाल उजेड किड्यांना दिसत नाही. तुम्हाला वाईट दिसतो, पण..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. ओठांवर आलं, दाढीवर ओघळलं. त्या उजेडात ते ओलं चमकत होतं. फुरशाचं विष असंच रक्त पातळ करतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. बायांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी लाल दिव्यांत उभा असलेला, तोंडातून रक्त गाळणारा माणूस पाहिला. पारूबाईनं सुनेच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि सगळ्या रिकाम्या घागरी घेऊन पळाल्या.

नगरच्या दवाखान्यात लस दिली, पण उशीर झाला होता. सर काही दिवस होते. शुद्धीवर आले की एकच विचारत, "बाया येतात का?" मी खरं तेच सांगितलं, की येत नाहीत, तीन कोसांवरून आणतात. मग भाभींना म्हणाले, "काही झालं तरी काचा बदलू नका." भाभींनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सर गेले.

मयतीला अख्खा गाव होता. पारूबाई धाय मोकलून रडली. आणि रडता रडता सगळ्या गावाचं एकमत झालं, की लाल दिव्यांनी माणूस खाल्ला. पहिल्यांदा लावले तेव्हा इशारा मिळाला होता. काढले होते तोवर सुख होतं. पुन्हा लावले त्याच संध्याकाळी घात झाला. मी वस्तीवर जाऊन किडे, पाली, बेडूक सगळं समजावलं. घसा बसेपर्यंत समजावलं. ते माझ्याकडे दयेनं पाहत. त्यांनी त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि माझ्याजवळ फक्त बोलणं होतं.

काही दिवसांनी पारूबाई चार बायांना घेऊन फाटकाशी आली. "भाभी, त्ये लाल दिवं काढा. मंग आमी आत येतो. पोरीला आता लांबचं चालवत न्हाई."

भाभी इद्दतीत, म्हणजे नवऱ्यामागं पाळायच्या एकांतात होत्या, घराबाहेर पडत नव्हत्या, पण आवार त्यांचंच होतं. त्या फाटकापर्यंत आल्या. "दिवे राहतील," म्हणाल्या. "तुम्ही आत येऊ नका. पाणी बाहेर येईल."

त्या संध्याकाळपासून भाभींनी स्वतः रहाट ओढला आणि घागर कडेवर घेऊन त्या लाल वाटेनं फाटकापर्यंत नेली. रिकामी घागर घेऊन परत, भरून पुन्हा फाटकाकडे. रोज संध्याकाळी आणि रोज पहाटे. मी हात लावायला गेलो की एखादी घागर देत, जास्त नाही. बाया फाटकाबाहेर पाठ करून उभ्या असत, म्हणजे उजेड दिसू नये. पाऊस लागेपर्यंत हे असंच चाललं. पारूबाईच्या घरी नात झाली, सुखरूप झाली.

त्या वाटेवर पुन्हा कुणालाही काही चावलं नाही. वस्तीवर सगळे सांगत, ही पारूबाईनं फाटकाला बांधलेल्या काळ्या बाहुलीची कृपा. एकदा ते ऐकून मी इतका संतापलो, की बाहुली तोडायलाच निघालो. भाभींनी मला अडवलं. त्यांच्या कमरेवर घागर होती आणि पदर ओला झाला होता.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "ती बांधलीय म्हणून फाटकापर्यंत तरी येतात."