पात्याचा सूर

आमची ताई कंप्रेसरच्या कारखान्यात चाकं वाजवते. म्हणजे खरंच वाजवते! वायू दाबणारं ते पात्यांचं चाक दोरीला टांगायचं, छोट्या हातोडीने प्रत्येक पात्यावर टिचकी मारायची आणि त्याचा सूर यंत्रावर मोजायचा. कारखान्यात तिला सगळे ‘टणटणताई’ म्हणतात. मी तिथेच चाचणीघरात यंत्राचा वेग सांभाळतो.

एका गिऱ्हाइकाच्या यंत्रात पात्याचं टोक तुटलं. नवं चाक बसवलं, तेही तुटलं. मोठे साहेब म्हणाले, “पाती जाड करू.”

“साहेब, पातं कमजोर नाही,” ताई म्हणाली. “समोरच्या स्थिर पट्ट्यांवरून येणारी हवा त्याला ठोके देते. झोका बरोबर वेळेवर ढकलला की उंच जातो ना, तसंच. ठोका आणि पात्याचा सूर जुळला की पातं थरथरून स्वतःच मोडतं. जाड केलं तर सूर बदलेल, पण ठोक्याशी गाठ पडेल ती पुन्हा रोजच्या वेगातच. मी गणित मांडून पाहिलंय. पट्ट्यांची संख्या वाढवू या, म्हणजे ठोके जास्त पडतील आणि ही गाठ रोजच्या वेगाच्या खूप आधी, अर्ध्या वाटेतच पडेल.”

“म्हणजे अख्खं यंत्र उघडायचं?”

“तिसऱ्यांदा फुटण्यापेक्षा बरं!”

साहेबांनी तिचं गणित स्वतः तपासलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, “उघडा.”

पट्ट्या वाढवलेलं यंत्र चाचणीघरात आलं. पात्यांना चिकटवलेल्या तारांमधून त्यांची थरथर पडद्यावर रेघ होऊन दिसत होती. मी वेग चढवू लागलो आणि अर्ध्या वाटेतच रेघ टुणकन उसळली!

“ताई, बंद करू?”

“अरे, थांबू नकोस! मी म्हटलं होतं तिथेच आली बघ! चढव, झटकन चढव!”

मी चढवला. रेघ खाली बसली. पुढे नेहमीचा वेग आला, त्याच्याही वरचा आला, पण रेघ सपाटच. ताईने आनंदाने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“सुरू करताना त्या मधल्या वेगावर रेंगाळायचं नाही,” साहेब म्हणाले. “तशी सक्तीच करू.”

“मी तेच म्हणणार होते!”

वर्षभराने गिऱ्हाइकाने यंत्र उघडलं, तेव्हा ताई हट्टाने तिथे गेली. तिथूनच तिचा फोन आला, नुसती ओरडत होती, “एकही चीर नाही रे! एकही नाही!”