बुंदीच्या गुडघ्यामागे

जनावरांच्या दवाखान्यात माणसांना स्वतःचं नाव नसतं. "बुंदीची आई, या," अशी हाक आली आणि मी कुत्रीला उचलून आत गेले. तिच्या मागच्या पायावर बोराएवढी गाठ होती. सुईने काढलेल्या नमुन्याचा निकाल आज कळणार होता.

डॉक्टरांनी आधी तिच्या जबड्याखाली, मग गुडघ्यामागे बोटं फिरवली. बुंदीला वाटलं, लाड चाललेत. तिने पाय वर केला.

"इथली लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, सुजलीय," ते म्हणाले आणि माझा चेहरा बघून हसले. "अहो आई, चांगलं आहे ते. गाठ साधी आहे, लहान वयाच्या कुत्र्यांना होते. शरीराने ती ओळखलीय. आता रोगाशी लढणाऱ्या पेशीच तिला संपवतील. तुम्ही फक्त वाट बघा."

रिक्षात बुंदी मांडीवर घोरत होती. आपल्यातलंच काहीतरी बिघडलंय हे ओळखायचं, आणि गाजावाजा न करता कामाला लागायचं. कमी बोलणारी माणसं मला आवडतातच. ही पेशींची मंडळी तर अजिबात बोलत नाहीत. मनातल्या मनात आभार मानत मी तिच्या गुडघ्यामागे हळूच बोट ठेवलं.

बुंदीने झोपेतच पाय वर केला.