सुजाताला न दाखवलेला देवमासा

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. मित्रांना नाही, बहिणीला नाही, आणि जिला पहिल्यांदा सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही आमच्या घरी चहाला येणार नाही म्हणून. आलात, तर सुजाता तुम्हाला ही गोष्ट सांगेलच — आणि ती खोटी सांगेल. खोटी तिच्यामुळे नाही. माझ्यामुळे.

सुजाता माझी बायको. माहेर तिरोडीचं, मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाट जिल्ह्यातलंच. वडील मँगनीजच्या खाणीत होते, त्यामुळे लहानपणी घरातली पांढरी कापडंसुद्धा कधी पूर्ण पांढरी नसायची, असं ती सांगते. मी बालाघाट शहरातला. आम्ही दोघं शिकायला सिडनीला गेलो तेव्हा लग्नाला जेमतेम काही महिने झाले होते. खरं तर जायचं तिचं ठरलं होतं. जमिनीतल्या पाण्यावर तिला पुढे शिकायचं होतं. तिच्या घरून म्हणाले, एकटी नको. माझ्या घरून म्हणाले, मग हाही काहीतरी शिकू दे. म्हणून मी व्यवस्थापन शिकलो. आज मी बालाघाटच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवतो, हे लक्षात घेतलं तर काय शिकलो ते तुम्हाला कळेलच.

मूळ मुद्दा सोडून मी इकडेतिकडे फिरतोय, माहीत आहे. थोडं फिरू द्या.

सुजाताला व्हेल पाहायचा होता. पुस्तकी मराठीत त्याला देवमासा म्हणतात, पण आम्ही हिंदी शाळेतली मुलं, आमच्यासाठी ती ‘व्हेल मछली’. तो मासा नाहीच, हे सुजाता मला दर वेळी सांगते. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो विमानाच्या खिडकीतून. त्याआधी पाहिलेलं सगळ्यात मोठं जनावर म्हणजे बिरशाकडच्या जंगलातला गवा. शाळेत कोणा बाईंनी सांगितलं होतं की जगात गव्यापेक्षा मोठं काहीतरी आहे, तेही श्वास घेतं, आणि पिल्लाला दूध पाजतं. ते तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

सिडनीच्या बंदरातून हिवाळ्यात व्हेल दाखवायला बोटी सुटतात. परीक्षा संपल्यावरच्या शनिवारी आम्ही निघालो. तिनं आदल्या दिवशी मुरमुऱ्यांचा चिवडा केला होता. वाटेत औषधाच्या दुकानासमोर ती थांबली आणि म्हणाली, बोट लागू नये म्हणून गोळी घेऊ या. मी म्हणालो, “आपण वैनगंगेकाठची माणसं. आपल्याले काय होते?”

वैनगंगेत मी कंबरेपेक्षा खोल कधी गेलो नाही. पण ती हसली, आणि गोळी राहिली.

बंदरात असेपर्यंत पाणी आमच्या तळ्यासारखं शांत होतं. दोन कड्यांमधून बोट बाहेर पडली, उघडा समुद्र लागला, आणि सुजाताच्या चेहऱ्याचा रंग दुधी भोपळ्यासारखा झाला. बोटीवरच्या एका पोरीनं तिच्या हातात कागदी पिशव्या दिल्या आणि सांगितलं, खाली मधोमध जाऊन पडा, तिथं कमी हलतं. जिन्याच्या तोंडाशी ती माझी बाही धरून म्हणाली, “मी खाली जाऊन पडतो. दिसला का आवाज देजो. मी कशीही येतो वर.”

मी म्हणालो, “हौ.”

हे ‘हौ’ विसरू नका.

मी वर कठड्याला धरून उभा राहिलो. वारा असा की कान आहेत की गेले ते हात लावून पाहावं लागे. बराच वेळ काही नाही. लोक चिप्स खात होते, मी चिवडा खात होतो — हो, तिच्या वाटणीचाही. आणि मग, अगदी जवळ, कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज झाला. पाण्यातून वाफेचा फवारा उडाला, सडलेल्या मासळीचा वास आला, आणि त्या वासामागून एक काळी पाठ वर आली. आली ती येतच राहिली. संपेचना. आमच्या गल्लीएवढी पाठ. मग तो प्राणी कुशीवर वळला, एक लांबलचक पांढरा पंख हवेत धरला, जसा कोणी ओळखीचा माणूस हात दाखवतो, आणि खाली गेला. लोक ओरडत होते. शेजारची म्हातारी बाई रडत होती. त्यानंतर तो अख्खाच्या अख्खा पाण्याबाहेर आला, आणि आपटला तेव्हा माझा चष्मा ओला झाला.

आणि मी सुजाताला आवाज दिला नाही.

आता तुम्ही विचाराल — का? मीही स्वतःला अनेक वर्षं एक उत्तर देत आलोय. इतकं अचानक झालं की सुचलंच नाही. मी भान हरपून गेलो, बायको आहे हेच विसरलो. ऐकायला बरं वाटतं ना? निसर्गापुढे हरवलेला माणूस. त्यात थोडी कवितासुद्धा आहे.

पण अचानक झालं नव्हतं. व्हेल बोटीभोवती बराच वेळ होता, चिवड्याची पिशवी खिशात घालून, चष्मा पुसून, परत पाहण्याइतका वेळ. आणि मी विसरलो नव्हतो. मला ती स्पष्ट आठवली. जिना माझ्या पाठीमागेच होता. मी मागे वळून जिना पाहिलासुद्धा. आणि मग माझ्या दोन्ही बाजूंच्या माणसांकडे पाहिलं — एक उंच गोरा बाप, खांद्यावर मूल घेतलेला, आणि त्याच्यामागे टाचा उंचावून उभी असलेली माणसं. मनात हिशेब झाला: मी खाली गेलो, की ही जागा गेली. तिला उठवायचं, धरून आणायचं, ती जिन्यातच ओकणार. तोवर हा निघून गेला तर?

म्हणून मी कठडा अजून घट्ट धरला. बस. एवढंच आहे ते.

बोट वळल्यावर मी खाली गेलो. ती बाकावर आडवी होती, पिशवी छातीशी धरून. इंजिनाच्या घरघरीत खाली काही नीट ऐकू येत नव्हतं, पण ओरडा तिनं ऐकला होता.

“दिसला का?”

खरं सांगायला माझ्याकडे तो एक क्षण होता. मी म्हणालो, “नाई. डॉल्फिन होते. हे लोकं डॉल्फिनलेही ओरडतात.”

तिनं माझा हात हातात घेतला. तो बर्फासारखा होता. “किती थंडा पडला रे तू,” ती म्हणाली, “माह्यासाठी इतक्या वेळ वर उभा राह्यला?” आणि तिनं माझे दोन्ही हात तिच्या शालीत गुंडाळले. ज्या हातांनी मी कठडा धरला होता, तेच.

त्यानंतर जे झालं ते व्यवस्थापनाचं शिक्षण म्हणा हवं तर. बोटीवर शंभरेक माणसं असतील आणि प्रत्येकानं व्हेल पाहिला होता. बायकोला मात्र त्याचा पत्ता लागू द्यायचा नव्हता. आधी कर्ण्यावरून कप्तान बोलायला लागला, की आजच्यासारखं दर्शन क्वचितच होतं. त्याच्या उच्चारांची मेहरबानी की बाकीचं फारसं कळत नव्हतं, पण ‘व्हेल’ हा शब्द काही लपेना. मी जोरात खोकू लागलो. सुजातानं विचारलं, “काय म्हणून राह्यला तो?” मी म्हणालो, “उतरताना सामान विसरू नका म्हणते.” ती म्हणाली, “इतकं लंबं?”

मग इंदूरकडची एक काकू भेटली. परदेशात आपल्याकडचा माणूस दिसला की तुमचा आमचा जीव आनंदतो; माझा त्या दिवशी तळाला गेला. काकू थेट सुजाताजवळ बसली. “क्या नज़ारा था ना, बेटा?”

सुजाता कशीबशी हसून म्हणाली, “हाँ आंटी, समंदर तो बढ़िया है.”

“मैं तो हाथ जोड़ के खड़ी हो गई.”

“मैं तो लेट ही गई थी,” सुजाता म्हणाली.

काकूनं डोळे मिटून मान डोलावली. तिला वाटलं असावं, पोरीनं साष्टांग नमस्कार घातला. मी काकूला चिवडा विचारला आणि हाताला धरून दुसऱ्या बाकावर नेलं.

सगळ्यात वाईट झालं ते धक्क्यावर उतरल्यावर. तिथं पाटी होती — व्हेल न दिसल्यास पुढची फेरी मोफत. सुजातानं ती सकाळीच वाचून ठेवली होती. “चाल,” ती म्हणाली, “विचारू.” मी तिला एका बाकावर बसवलं आणि खिडकीशी एकटाच गेलो. ती पाहत होती, म्हणून मी हातवारे केले, मान हलवली, थोडा रागसुद्धा दाखवला. खिडकीतल्या पोराला मी विचारत होतो की मुतारी कुठं आहे. त्यानं दोनदा सांगितलं. परत येऊन मी सुजाताला म्हणालो की डॉल्फिन दिसले तरी ते लोक दिसलं असंच धरतात.

“असं काहून?” ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, “जाऊ दे. वाघासारखंच असते ते.”

हे बालाघाटच्या माणसालाच कळेल. पाहुण्यांना हौसेनं जंगलात न्यायचं, दिवसभर चितळ आणि माकडं दाखवायची, आणि न दिसलेल्या वाघाबद्दल बोलत घरी यायचं. न दिसण्याची आम्हाला सवय आहे. माझं खोटं त्या सवयीवर आरामात जाऊन बसलं.

त्या संध्याकाळी तिनं तिरोडीला फोन लावला. “बाबा, काही नाई दिसलं. पण हा माह्यासाठी पूर्ण वेळ थंडीत उभा होता. त्याच्या जागी मी असतो तं कवाच खाली निंघून आलो असतो.” सासऱ्यांनी मला फोनवर घेतलं आणि दोनदा घसा खाकरला. माझ्या सासऱ्यांचं ते भाषण असतं.

पुन्हा जाऊ, असं ठरलं होतं. मग तिचा प्रबंध आला, माझी नोकरीची धडपड आली, हिवाळा संपला. पुढच्या हिवाळ्याआधी आम्ही परत आलो, आणि राहिलं ते राहिलंच.

थंडीतला तो नवरा मात्र वाढत गेला. तिरोडीत मी तेवढ्यासाठीच ओळखला जातो. सुजाताच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात सुजातानं नवरीला सगळ्यांसमोर तो किस्सा ऐकवला, आणि नवरीनं आपल्या नवऱ्याकडे अशी नजर टाकली की बिचाऱ्याच्या हातातला जिलेबीचा तुकडा तिथंच थांबला. नंतर मला बाजूला घेऊन त्यानं विचारलं, “भाऊजी, सच्ची उभे होते? पूर्ण टाइम?”

“हौ,” मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

आता आमची मुलगी मैत्री चित्रं काढायच्या वयाची झाली आहे. मागच्या रविवारी ती स्वयंपाकघरात फरशीवर पालथी पडून आई-बाबांची बोट काढत होती. शेजारी बोटीहून मोठा, निळ्या पेन्सिलीनं रंगवलेला व्हेल. कठड्याशी दोन माणसं.

सुजातानं कणीक मळता मळता वाकून पाहिलं आणि हसली. “मी कुठी वर होतो? मी तं खाली पडलो होतो. मले मिटव.”

मैत्रीनं जीभ बाहेर काढून खोडरबर घासला. कठड्याशी मी एकटाच उरलो, बाजूला एक करडा डाग.

“आन् व्हेलही नव्हता,” सुजाता म्हणाली. “बाबाले विचार.”

मैत्रीनं माझ्याकडे पाहिलं. सुजातानंही पाहिलं, हसत, कणकेचे हात वर धरून.

“नव्हता,” मी म्हणालो.

“व्हेल राहू दे,” मैत्री म्हणाली. “बहुत मेहनत से बनाया है.”

“राहू दे मंग,” सुजाता म्हणाली, आणि तिनंच ते चित्र फ्रिजवर लावलं. रोज सकाळी दूध काढताना मी त्याच्यासमोर उभा असतो. त्यात खोटं काहीही नाही.