आवाज गेलेल्यांच्या शोधात

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये माझी स्वरपेटी काढली. त्याआधी बरीच वर्षं मी नाशिक–देवळा गाडीवर कंडक्टर होतो. आता गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक आहे, श्वास तिथूनच येतो-जातो. नाकाला वास येत नाही, तोंडातून आवाज निघत नाही. नाशिक रोडच्या आमच्या घरात मी, बायको आणि मुलगी. काही हवं असलं की मी टाळी वाजवायचो आणि मोबाइलवर टाइप करून दाखवायचो. बायकोला चष्मा सापडेपर्यंत माझी सांगायची इच्छा संपलेली असायची.

मुलीनं मला इन्स्टाग्राम उघडून दिलं. "पप्पा, दिवसभर भिंतीकडे बघत बसता. चांगली माणसं शोधा, फॉलो करा."

मी टाइप केलं, "चांगली म्हणजे कोण?"

"तुम्हाला ज्यात रस असेल ती."

कशात रस आहे हेच मला सांगता येईना. मग मोबाइल दाखवेल त्याला मी फॉलो करत गेलो. एक पोरगा रोज वेगळ्या हॉटेलात मिसळ खायचा आणि ओरडायचा. मी तेव्हा पातळ खिमटावर होतो. एक बाई कांद्याचे भाव सांगायची, एक महाराज आयुष्य कसं जगावं ते सांगायचे. सगळे बोलतच असायचे. मी आवाज बंद करून बघू लागलो. नुसते ओठ हलवणारी ती माणसं जरा जवळची वाटायची.

एकदा शोधायच्या जागी 'घशाचा कॅन्सर' टाकलं. लगेच पावडरी विकणारे गोळा झाले. बायकोनं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि हट्टच धरला, एकदा मागवून बघू. मुलगी चिडली. "आई, हे लुटारू आहेत!" बायको ओट्यापाशी जाऊन रडत राहिली. मला दोघींनाही काही सांगता येईना.

हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांना मी हे लिहून दाखवलं. त्या म्हणाल्या, "काका, रोगाचं नाव टाकू नका. ऑपरेशनचं टाका. आणि व्हिडिओ कुणाचा आहे यापेक्षा खाली कोण काय लिहितंय ते वाचा. तिथं तुमच्यासारखे सापडतील."

त्यांनी दिलेल्या इंग्रजी शब्दावरून एक परदेशी बाई सापडली. गळ्याला रंगीत रुमाल बांधून ती कसल्याशा घरघरत्या आवाजात बोलत होती. मला एक शब्द कळला नाही. पण खाली कमेंटमध्ये एकानं मराठीत लिहिलं होतं, "मी बी त्यातलाच."

मी त्याच्या नावावर बोट ठेवलं. तो मिरजेकडचा, सायकलदुरुस्तीचं दुकान असलेला. दुकानाच्या दारात बसून गिऱ्हाइकांशी बोलतानाचे व्हिडिओ टाकायचा. पोटातून ढेकर वर आणून तिचेच शब्द करायचा. ओबडधोबड आवाज, पण माणसाचा. बघणारे फारसे नव्हतेच. मी त्याला फॉलो केलं, त्यानंही मला केलं आणि दुसऱ्या दिवशी सरळ व्हिडिओ कॉलच लावला.

"बोला भाऊ," तो म्हणाला. मी गळ्याकडे बोट दाखवलं. "ते दिसतंय. सोडा प्या. ढेकर आली की सोडू नका, तिच्यावर 'पा' म्हणा."

त्यानंतर तो अधूनमधून कॉल करायचा. मी स्वयंपाकघरात उभा राहून सोडा प्यायचो, तो तिकडून ऐकायचा. पहिला 'पा' निघाला तेव्हा त्याचे खांदे हलले. आम्हा दोघांच्याही हसण्याला आवाज नव्हता. हळूहळू 'पाणी', 'चहा', 'नको' एवढं यायला लागलं. घरात ते कुणाला कळायचं नाही. मुलगी म्हणायची, "पप्पा, टाइप करा ना." त्याला मात्र सगळं कळायचं.

मग त्याचे व्हिडिओ कमी झाले. आले त्यांत तो आत, खाटेवर दिसायचा. एक दिवस त्यानं लिहून पाठवलं, "परत आलंय. आता डॉक्टर चिरणार नाहीत म्हणं." मी बरंच टाइप केलं आणि सगळं पुसलं. शेवटी लिहिलं, "येऊ का?" उत्तर आलं, "आलात तर बोलायला मी नसायचो. लांबूनच असू द्या."

काही आठवड्यांनी त्याच्या खात्यावर हार घातलेला फोटो आला. खाली लोकांनी हात जोडलेले. मला तसे हात टाकवेनात. मी कॉल लावला. त्याच्या बायकोनं उचलला. डोक्यावर पदर, मागं बायका बसलेल्या.

मी हवा गिळली, ढेकर वर आणली आणि म्हणालो, "चांगला माणूस. मला बोलायला शिकवलं." अर्धे शब्द तुटले.

तिनं मोबाइल जवळ घेतला. "व्हय भाऊ," ती म्हणाली, "तुम्हांला शिकवतोय म्हणून सांगायचे. जेवणबिवण करता न्हवं नीट?"

मी मान हलवली. मग तिला कुणी हाक मारली म्हणून ती उठली.

माझी बायको दारात उभी होती. "अहो, काय म्हणालात त्यांना?" तिनं विचारलं.

मी तेच पुन्हा म्हणालो. तिनं डोळे बारीक करून माझ्या ओठांकडे बघितलं. मग पुन्हा विचारलं, "काय?"

मी परत म्हणालो. तिला कळलं नाही. "त्यांना कळलं?" ती म्हणाली.

मी हो म्हणून मान हलवली. ती वाळलेले कपडे घडी घालायला आत गेली.