तांब्याचा गोळा

चंदीगडात मी एकदा पोलिसांसमोर हात वर करून उभा राहिलो होतो, आणि तेसुद्धा माझ्या स्वतःच्या घराच्या फाटकासमोर. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. पण आज सुलभा बाहेर गेली आहे, चहाही बरा झालाय, तर सांगूनच टाकतो. ती असली की माझ्या कुठल्याही गोष्टीत मधे मधे दुरुस्त्या करते आणि गोष्ट तिचीच होऊन बसते.

मी तेव्हा तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचो. राहायला कॅम्पसवर क्वार्टर. पंजाबातले ते दहशतवादाचे वाईट दिवस. चौकाचौकात वाळूची पोती रचलेली, त्यामागे बंदूकधारी शिपाई. बसमध्ये चढलं की आधी सीटखाली वाकून बघायचं, बेवारस पिशवी नाही ना. संध्याकाळ झाली की सेक्टर सतराचा बाजार कुणीतरी झाडून काढल्यासारखा रिकामा व्हायचा.

अशात आमच्या विभागातले कपूर दिल्लीला निघाले आणि सेक्टर चव्वेचाळीसमधलं त्यांचं छोटं घर विकायला काढलं. मी ते घ्यायचं ठरवलं. स्टाफरूममध्ये सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी आजारी आहे.

"यार, लोग बेचकर जा रहे हैं, और तुम खरीद रहे हो?"

आता त्यांना काय सांगायचं? आमचं बालपण साताऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत गेलेलं. घरमालक आला की वडील सदऱ्याची बटणं लावून उभे राहायचे. तो भिंतीवरून हात फिरवायचा, छताकडे बघायचा, हुं म्हणायचा आणि जायचा. एवढंच. पण काय रुबाब होता. आपणही कधीतरी कुठल्यातरी छताकडे बघून हुं म्हणावं, एवढीच माझी इच्छा.

घर झालं आणि नेमकं आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मी साताऱ्याला गेलो. परत येतो तो सुलभाने घर भाड्यानं देऊनही टाकलेलं. भाडेकरू म्हणजे निवृत्त हेडमास्तर गुरबचन सिंग आणि त्यांच्या पत्नी. अमृतसरच्या पलीकडचं गाव सोडून आलेले. सगळे त्यांना मास्टरजी आणि बीजी म्हणायचे.

"मी येतो ना त्यांना भेटून," मी म्हटलं.

"अजिबात नाही," सुलभा म्हणाली. "म्हातारी माणसं आहेत, आत्ता कुठे सामान लागतंय. तुम्ही जाऊन भिंतींना हात लावत बसाल. आता ते घर त्यांचं आहे. महिनाभरानं दोघं मिळून जाऊ."

मी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून स्कूटर काढली ती थेट चव्वेचाळीस सेक्टरला.

काय सांगू, पहिल्यांदा आपल्या मालकीच्या घरासमोर उभं राहण्यात काय सुख असतं ते. आत जायचं नाही हे ठरलेलंच होतं. मी फक्त समोरच्या तुतीच्या झाडाखाली स्कूटर लावून बघायचो. बीजींनी पेरूच्या झाडाला दोरी बांधून कपडे वाळत घातले होते, ते मला जरा खुपलं. पण खरं दुःख गच्चीवरच्या टाकीचं. ती सारखी वाहायची आणि भिंतीवर ओल उतरत होती. ती ओल कालपेक्षा किती वाढली हे बघायला मी रोज जायला लागलो. कधी वाचनालयाचं निमित्त, कधी केस कापायचं. एका महिन्यात इतक्या वेळा केस कापायला गेलेला माणूस टकला कसा झाला नाही, हे सुलभाच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे.

आणि थंडी जानेवारीची. आमची साताऱ्याची हाडं. डोक्याला माकडटोपी, नाकापर्यंत मफलर, अंगावर लांब काळा कोट. मला वाटत होतं मी घरमालक दिसतोय.

एके संध्याकाळी घरी आलो तर सुलभा काळजीत. "मास्टरजी आले होते. फार घाबरलेत हो. म्हणे घरावर कुणीतरी पाळत ठेवून आहे. रोज येतो, समोर उभा राहतो, गच्चीकडे बघतो आणि जातो."

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडलाही असता. पण मी विचारलं, "दिसायला कसा आहे?"

"उंचापुरा. तरणा. डोळे अगदी क्रूर, म्हणाले."

सांगा, मी स्वतःला कसा ओळखणार? पन्नाशीला टेकलेला, सुलभाच्या खांद्याला खांदा लागेल एवढी उंची, आणि डोळ्यांना सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. मला खरंच वाटलं, कुणीतरी भयंकर माणूस आपल्या घरावर टपलाय. मी तिथे इतका वेळ उभा असतो, मला कसा दिसला नाही? म्हणजे तो मी गेल्यावर येत असणार. म्हणजे फार मुरलेला असणार.

मी ठरवलं, या माणसाला पकडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. धुकं असं की स्कूटरचं पुढचं चाक दिसत नव्हतं. कोटावरून घरचं घोंगडं लपेटलं. सोबत एक पिशवी. कुणी हटकलंच तर टाकी दुरुस्त करायला आलोय म्हणून सांगता यावं, यासाठी टाकीचा नवा बॉलकॉक घेतला होता. आता प्लास्टिकचा मिळतो. तेव्हा तो तांब्याचा असायचा, एक पोकळ गोळा आणि त्याला लांब दांडी. पिशवीची अडचण वाटली म्हणून ती फाटकापाशी ठेवली आणि मी तुतीच्या झाडामागे जाऊन दबा धरून बसलो.

थोड्या वेळानं धुक्यातून दोन आकृत्या निघाल्या. हातात हॉकी स्टिक. हेच ते, मी मनात म्हटलं, दोघे आहेत. मी झाडाला आणखी चिकटलो. तेवढ्यात मागून कुणीतरी माझं घोंगडं धरलं.

"फड़ लिया जी." म्हणजे पकडलं.

पुढचे दोघे धावत आले. ते गल्लीतलेच लोक, मास्टरजींच्या सांगण्यावरून पहारा देत होते. कुणीतरी चौकातल्या शिपायांना आणायला पळालं. मी हात वर केले. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआपच गेले.

"मैं मालिक-मकान हूँ," मी मफलरच्या आतून म्हणालो.

फाटकाच्या आत पांढऱ्या दाढीचे मास्टरजी उभे होते. त्यांना मी पहिल्यांदा जवळून बघत होतो. "झूठ बोलता है," ते म्हणाले. "इस घर की मालकिन सुलभा बीबी हैं."

"मैं उनका पति हूँ."

"उनके पति प्रोफेसर हैं. किताबों से सिर नहीं उठाते. बीबीजी ने खुद बताया है."

बायकोनं केलेली स्तुती अशी अंगाशी येते. तोवर हवालदार पोचला. त्याची नजर फाटकापाशी गेली.

"ये झोला किसका है?"

"मेरा."

"क्या है इसमें?"

बॉलकॉक हा शब्द मला आयुष्यभर येत होता. हवालदाराच्या बंदुकीसमोर तो नेमका गेला. मी आठवायला लागलो, आठवेना, आणि मग मराठीत जे सुचलं त्याचं सरळ हिंदी केलं.

"गोला है जी. तांबे का."

मित्रांनो, आपला गोळा निरुपद्रवी असतो. पिठाचा असतो, बर्फाचा असतो. हिंदीतला गोला तोफेतून सुटतो. क्षणात गल्ली रिकामी झाली. हवालदार स्वतः ओट्याआड आडवा झाला. बीजींना कुणीतरी मागच्या दारानं बाहेर नेलं. माझं घोंगडं धरणाऱ्यानं घोंगडं सोडलं. त्या धुक्यात मी आणि माझी पिशवी, दोघेच उरलो, आणि माझे हात अजून वरच.

"हिलना मत," आडून हवालदार ओरडला.

मी हलणार कसला? मलाही आता त्या पिशवीची भीती वाटायला लागली होती.

मी तिथूनच पत्ता सांगितला आणि पोलिसांची जीप सुलभाला आणायला गेली. ती आली, शाल सावरत खाली उतरली, माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं.

"ये आपके पति हैं?" हवालदारानं आडूनच विचारलं.

"हाँ."

"पक्का?"

त्यावर ती जरा थांबली. मला तो वेळ फार मोठा वाटला. "पक्का," ती शेवटी म्हणाली, पिशवीत हात घातला आणि दांडीला धरून गोळा बाहेर काढला. हवालदार उठला, कपडे झटकले आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "टंकी का बॉलकॉक है."

सगळे हसले. मास्टरजी हसले नाहीत. ते पायरीवर बसले. गावाकडेही असाच एक माणूस त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा, त्यांनी सांगितलं. मग एक दिवस शाळेत धमकी आली, आणि दावणीची म्हैस शेजाऱ्याच्या हवाली करून दोघं निघून आले. "यहाँ आकर सोचा था, अब कोई नहीं देखेगा," ते म्हणाले.

मी माकडटोपी काढली, त्यांच्याजवळ पायरीवर बसलो आणि नीट हात जोडून माफी मागितली. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. मग म्हणाले, "आपकी आँखें तो बिल्कुल क्रूर नहीं हैं." आणि तिथे त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. बीजी परत आल्या, काय झालं ते कळल्यावर त्यांनी मला चांगलं झापलं आणि मग मुळ्याचे पराठे करायला आत गेल्या. सुलभा त्यांच्या मागोमाग गेली. घरी जाऊन ती काय बोलली ते सांगत नाही.

पुढे दिवस निवळले. चौकातली पोती गेली, सतरा सेक्टरात पुन्हा रात्रीपर्यंत आइस्क्रीम खाणारी गर्दी दिसायला लागली. मास्टरजी आमच्याच घरात राहिले. दर रविवारी एकमेकांकडे जेवण ठरलेलं. बीजींनी सुलभाला सरसोंचा साग शिकवला, सुलभानं त्यांना पुरणपोळी. त्यांची पोळी कधी सुलभाच्या पोळीएवढी पातळ झाली नाही, पण तूप इतकं असायचं की कुणी तक्रार केली नाही.

निवृत्तीनंतर आम्ही पुण्याला यायचं ठरवलं, तेव्हा ते घर मास्टरजींनाच दिलं. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला त्या घरी गेलो, तर सगळी गल्ली जमली होती. टॅक्सी उभी होती, सुलभा आत बसली होती. माझा पाय निघेना. मी फाटकासमोर उभा राहून गच्चीकडे बघत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं.

मास्टरजी जवळ आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "प्रोफेसर साहब, एक बार अंदर से भी देख लीजिए. बाहर से तो आपने बहुत देख लिया."