गाळलेली ओळ

आमच्या हिच्या मामांइतका चष्मा हरवणारा माणूस अख्ख्या बडोद्यात दुसरा सापडायचा नाही. आणि गंमत अशी की, त्यांचा चष्मा आयुष्यात एकदाही हरवलेला नाही. तो सदऱ्याच्या खिशात असतो, दांडी बाहेर लोंबत असते, आणि मामा मात्र निजामपुऱ्यातल्या आपल्या ओट्यावर बसून गल्लीतल्या पोरांना हाका मारत असतात, "अरे दीकरा, चश्मां जडतां नथी! एटलुं वांची आप ने!" मग कोणी औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचून देतं, कोणी लग्नपत्रिका. शाळेत पुस्तक उघडलं की घाम फुटणारी पोरं इथे बिनघोर वाचायची. कारण इथे त्यांना कोणी शिकवत नव्हतं. ती बिचाऱ्या म्हाताऱ्याला मदत करत होती.

गणिताचीही तीच तऱ्हा. रविवारी ओट्यावर शेव-उसळ व्हायची. मामा चार माणसांचं प्रमाण सांगायचे आणि अकरा जणांचं पोरांनी काढायचं. उत्तर चुकलं तरी मामा काही बोलायचे नाहीत. चुकलेलं उत्तर सगळ्यांनी मिळून खायचं, एवढाच नियम. एकदा तिखटाचा गुणाकार दोनदा झाला. मोठ्या तोंडाने दुसरी वाटी मागणारा मी एकटाच होतो. पुढचे दोन दिवस मी ताकावर काढले.

आमची मुक्ता सहावीत असताना तिला वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं, ती अडखळली आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून तिने शाळेत तोंड उघडणं बंद केलं. रोज सकाळी पोटात दुखू लागलं. मग मी स्वतः शिकवायला बसलो. दहाव्या मिनिटाला माझा आवाज चढायचा, पंधराव्याला ती रडायची, विसाव्याला मी. शेवटी ही म्हणाली, "तुम्ही आता फक्त स्कूटर चालवा," आणि मी मुकाट्याने दर रविवारी मुलीला वासण्यातल्या आमच्या घरून निजामपुऱ्याला नेऊ लागलो.

"मुक्ते, चष्मा सापडत नाही गं. पेपर वाच बघू."

"मामाआजोबा, खिशात आहे तुमच्या."

"तो लांबचा. जवळचा हरवलाय."

ती वाचू लागली. मामांनी तो पेपर सकाळीच चष्मा लावून वाचून काढलेला असायचा. एक अवघड ओळ आली, तशी ती हळूच ओलांडून पुढे गेली.

"त्या मधल्या ओळीला वाईट वाटलं गं," मामा म्हणाले.

"चष्म्याशिवाय कशी दिसली?"

"वाईट वाटलेलं दिसायला चष्मा कशाला लागतो?"

ती हसली, मागे गेली आणि ती ओळ तिने वाचली. असे कितीतरी रविवार गेले. पोटदुखी कधी थांबली ते आम्हाला कळलंही नाही. नववीत तिने शाळेच्या कार्यक्रमात दोन पानं न अडखळता वाचली, तेव्हा शेवटच्या रांगेत मी इतक्या जोरात नाक शिंकरलं की तीन जणांनी वळून पाहिलं.

आता ती कॉलेजात आहे, पण रविवार चुकवत नाही. गेल्या महिन्यात निजामपुऱ्याहून आली ती थेट माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, मामाआजोबांना दिसत नाहीये."

"अगं, ते नाटक जुनं आहे."

"आज घाईत माझी एक ओळ गळली. ते काही बोलले नाहीत. मग मी मुद्दाम अख्खा परिच्छेद गाळला. ते नुसती मान डोलावत राहिले."

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर येणार नाही, पण उरलेली राहील. आणखी उशीर झाला असता तर तीही गेली असती. हिने मामांना चांगलंच झापलं, "सांगायचं नाही का?"

"अगं, वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगतोय, चष्मा सापडत नाही म्हणून," मामा म्हणाले. "ऐकलं कोणी?"

हल्ली रविवारी मुक्ता त्यांना पेपर वाचून दाखवते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मृत्यूच्या बातम्या आणि स्कूटर विकण्याच्या जाहिरातींसकट. संपलं की मामा विचारतात, "गाळलं नाहीस ना काही?" ती म्हणते, "नाही मामाआजोबा." ते मान डोलावतात.

मला आभार मानायला जमत नाही. तोंड उघडलं की भलतंच काहीतरी निघतं. म्हणून तिचं वाचन चालू असताना मी मामांच्या खिशातून तो चष्मा काढतो, शर्टाच्या टोकाने दोन्ही काचा नीट पुसतो आणि दांडी बाहेर राहील असा परत ठेवून देतो.